सी लँग्वेजमधला आर्मस्ट्राँग नंबरचा प्रोग्राम १५३ लाही ‘नाही’ का म्हणतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उदगीरला बीसीए प्रथम वर्ष. सीच्या प्रॅक्टिकलला आर्मस्ट्राँग नंबर ओळखायचा प्रोग्राम दिलाय (नंबरात जेवढे अंक तेवढा प्रत्येक अंकाचा घात घेऊन बेरीज केली की तोच नंबर परत येतो, तो आर्मस्ट्राँग; तीन अंकी असेल तर अंकांचे घन). कंपाइल नीट होतो, एरर एकही नाही, पण कोणताही नंबर टाकला तरी “आर्मस्ट्राँग नाही” एवढंच येतं. परवा सबमिशन, लॅपटॉप नाही. शेवटची ओळ, “सर प्लीज पूर्ण कोड द्या.”

तू माझ्यापेक्षा बराच लहान असणार, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. पूर्ण कोड मी देणार नाही आणि तुला त्याची गरजही नाही. तुझा प्रोग्राम जवळजवळ बरोबर आहे. एक गोष्ट मात्र चांगली केलीस: स्वतः लिहिलेला कोड प्रश्नात टाकलास, काय टाकलं आणि काय आलं तेही लिहिलंस. नाहीतर “प्रोग्राम चालंना, काय करू” एवढंच लिहून मोकळे होणारे रोज भेटतात. त्यांना काय सांगणार, डोंबल?

तुझ्या कोडचा गाभा या ओळींत आहे (इथे मराठीत लिहितोय, तू अर्थात इंग्रजीतच ठेव):

व्हाइल (एन > ०)
{
आर = एन % १०;
सम = सम + आर * आर * आर;
एन = एन / १०;
}
इफ (सम == एन)
“आर्मस्ट्राँग आहे”

आता मोबाइल बाजूला ठेव. वहीचं पान घे, त्यावर तीन रकाने पाड: एन, आर, सम. तूच कंप्युटर आहेस असं समज आणि १५३ घेऊन एकेक ओळ चालव. पुढची ओळ आधी वाचायची नाही, अंदाज करायचा नाही.

सुरुवातीला एन १५३, सम ०.
पहिली फेरी: १५३ ला १० ने भागून बाकी ३, म्हणून आर ३. तीनचा घन २७, सम २७. एन झाला १५.
दुसरी फेरी: आर ५. पाचचा घन १२५, सम १५२. एन झाला १.
तिसरी फेरी: आर १. सम १५३. एन झाला ०.

(१५३ भागिले १० म्हणजे १५.३ हे आपल्यासाठी. सीमध्ये दोन्ही बाजूंना इंट, म्हणजे पूर्णांक, असेल तर दशांशाचा भाग सरळ गळून पडतो, १५ उरतात. अंक एकेक करून सोलण्याची युक्ती त्यावरच चालते.)

एन शून्य झाला, लूप (व्हाइलच्या कंसातल्या ओळींच्या फेऱ्या) संपलं. आता खालची इफची ओळ वाच. सम किती? १५३. एन किती? तुझ्याच रकान्यात बघ, शेवटचा आकडा कोणता आहे. म्हणजे प्रोग्राम विचारतोय, १५३ आणि ० सारखे आहेत का? तो “नाही” म्हणतो ते अगदी खरं आहे. चूक त्याच्या उत्तरात नाही, आपण विचारलेल्या प्रश्नात आहे.

माझे वडील गावातल्या छोट्या डाळमिलवर कामाला होते. लातूरच्या मोठ्या मिलसारखी नाही, एक शेड आणि एक मशीन. शेतकरी घरची तूर घेऊन यायचे, डाळ करून न्यायचे. पोतं आलं की वडील पहिल्यांदा ते काट्यावर चढवायचे आणि वजन खडूने भिंतीवर लिहायचे. मग सुतळी सोडून तूर मशीनमध्ये ओतायची. संध्याकाळी डाळ, चुणी, टरफलं असं सगळं वेगवेगळं मोजून त्या भिंतीवरच्या आकड्याशी ताडायचं, कारण शेतकरी हमखास विचारणार, “माझा माल भरला का बरोबर?” एकदा नवीन पोरगा कामावर आला आणि त्याने वजन न लिहिताच पोतं ओतलं. वडील त्याला म्हणाले, “आता काय त्या रिकाम्या पोत्याला इचारतूस व्हय, तुझ्यात किती होती म्हणून?”

तुझा प्रोग्राम तेच करायलाय. एन म्हणजे पोतं. लूप त्याला अंका-अंकाने रिकामं करतं आणि शेवटी तू त्या रिकाम्या पोत्याशी सम ताडून बघतोस.

म्हणून भिंतीवर आकडा लिहायचा. लूप सुरू व्हायच्या आधी एक ओळ, टेम्प = एन; आणि खाली इफमध्ये सम == टेम्प. वर जिथे इंट एन, आर, सम असं लिहिलंयस तिथे टेम्पही जोड. झालं. “पूर्ण कोड” म्हणून जो मागत होतास, तो एवढाच शिल्लक होता.

आता एक गंमत. तीन अंकी संख्या १०० ते ९९९, म्हणजे ९००. त्यातल्या आर्मस्ट्राँग फक्त चार: १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. तुझा चुकलेला प्रोग्राम सगळ्यांनाच “नाही” म्हणतो, म्हणजे ९०० पैकी ८९६ वेळा त्याचं उत्तर बरोबर येतं! तू १२३ टाकून बघितलं असतंस, २५० टाकून बघितलं असतंस, तर “चालतंय की” म्हणून सबमिट करून आला असतास. १५३ टाकायची बुद्धी झाली म्हणून चूक सापडली. टेस्ट करताना उत्तर “हो” यायला पाहिजे असा नंबर आणि “नाही” यायला पाहिजे असा नंबर, दोन्ही टाकायचे.

(या चार संख्यांबद्दल हार्डी नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १९४० साली लिहिलं होतं की असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यात रस वाटण्यासारखं काही नाही. असेल बाबा. पण बाकी आणि भागाकार हाताखालून जायला यासारखा दुसरा सराव नाही. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी तर आयुष्यभर असेच अंकांचे खेळ केले आणि ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजाबाकी कर, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच कर. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबतोस. दिवाळीच्या सुट्टीत याचा प्रोग्राम करून बघ, ॲरे (एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमती) शिकवल्यावर.)

कोड का देत नाही, तेही सांगतो. २००९ साली मी तुझ्याच जागी होतो. लॅबमध्ये कंप्युटर बारा, चालणारे आठ, आणि लोडशेडिंगमुळे तेही दुपारनंतर. टर्बो सी या जुन्या कंपायलरचा निळा स्क्रीन दिसला की धन्य वाटायचं. जर्नल आम्ही सगळ्यांनी एका पोराच्या वहीवरून उतरवलं होतं, मी तर त्याच्या स्पेलिंगच्या चुकांसकट. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या सरांनी माझं जर्नल उघडलं, पान नेमकं आर्मस्ट्राँगचंच निघालं. टेम्प = एन या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे कशाला घेतलंय?” मी म्हणालो, “सर, असंच असतंय.” त्यांनी खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली आणि म्हणाले, “बरं, आता नाही. आता काय होईल सांग.” मी पंख्याकडे बघत उभा. पंखाही बंद होता. दोन मिनिटांनी ते म्हणाले, “जा,” आणि मला मार्क किती पडले ते इथे लिहीत नाही.

त्या खोडलेल्या ओळीचं उत्तर आज तुझ्याकडे आहे, कारण ती ओळ नसल्यामुळे काय होतं ते तू स्वतः बघितलंयस. मी सगळा कोड चिकटवला असता तर तुझ्याकडे ओळ आली असती, उत्तर नाही.

आजकाल एआयला विचारलं की दहा सेकंदांत प्रोग्राम मिळतो, ते मलाही माहितीय. मीही ऑफिसात वापरतो. पण प्रथम वर्षाच्या पोराच्या फाइलमध्ये वेगळं फंक्शन, मॅथ डॉट एचमधलं घात काढणारं पाऊ, वर सुबक इंग्रजी कॉमेंट दिसल्या की सरांना काय कळायचं ते कळतं. वापरायचंच असेल तर तुझा कोड दे आणि म्हण, “दुरुस्त करू नको, कुठल्या ओळीपासून गडबड आहे तेवढं सांग.” मग वही काढ.

पाऊचा विषय निघालाच आहे तर ऐक. तू आर * आर * आर लिहिलंस ते उत्तम केलंस. पाऊ हे फंक्शन उत्तर दशांशात देतं. काही विंडोज कंपायलरवर पाचचा घन १२४.९९९ असा काहीतरी निघतो, तो इंटमध्ये ठेवताना १२४ होतो आणि सम येतो १५२. प्रोग्राम अगदी बरोबर लिहिलेला, तरी १५३ ला “नाही”. यात दोन-दोन दिवस घालवलेली पोरं मी बघितलीत.

सरांनी चार अंकी नंबरसाठीही करायला सांगितलं तर नियम बदलतो: अंक चार असतील तर घन नाही, चौथा घात. १६३४, ८२०८ आणि ९४७४ या त्या तीन संख्या. त्यासाठी आधी अंक किती ते मोजावं लागतं, आणि मोजायलाही तू एन ला १० ने भागतच जाणार. म्हणजे मोजून होईपर्यंत पोतं पुन्हा रिकामं! दुसरं लूप सुरू करायच्या आधी एन = टेम्प करून ते परत भरून घे. हे विसरलास तर दुसरं लूप एकदाही फिरणार नाही आणि तू सम शून्य का येतोय म्हणून डोकं धरून बसशील.

बाकी तुझ्या कोडमध्ये नाहीत पण शेजारच्या पोराच्या असतील अशा चुका भराभर सांगतो. सम ला सुरुवातीला शून्य न देणे. मग त्यात आधीचा कचरा असतो आणि उत्तर भलतंच येतं. इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह. ती तुलना राहत नाही, सम मध्येच किंमत भरली जाते. नंबर वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँपरसँड (&) विसरणे. व्हाइलच्या कंसानंतर सेमीकोलन. मग स्क्रीन नुसता बघत बसतो आणि तूही.

कॉलेजात टर्बो सी असेल आणि घरी मोबाइलवर ऑनलाइनजीडीबीसारखा कंपायलर वापरत असशील तर तिथे कोनिओ डॉट एच आणि क्लियरस्क्रीनच्या ओळी चालणार नाहीत, काढून टाक. व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिही. आणि टर्बो सीमध्ये इंट ३२७६७ च्या पुढे जात नाही, म्हणून पाच अंकी ५४७४८ हा आर्मस्ट्राँग असला तरी तिथे इंटमध्ये मावतच नाही. मोठ्या पूर्णांकांसाठीचा लाँग घ्यावा लागतो. आत्ता तुला ते लागणार नाही.

लॅपटॉप नाही असं लिहिलंयस, त्याने काही अडत नाही. वहीवर जे तीन रकाने पाडलेस ना, आम्ही त्याला ड्राय रन म्हणतो. मी आजही, पुण्यात दोन-दोन मॉनिटर समोर असताना, एखादं लूप समजत नसलं की जुन्या बिलाच्या पाठीमागे रकाने पाडतो. फार मोठा कोड असेल तर लूपच्या आत एक प्रिंटएफ टाकून एन, आर, सम तिन्ही छापून घेतो. ती त्याच रकान्यांची छापील प्रत.

जर्नलमध्ये आउटपुट लिहिताना १५३ एकटं लिहू नको, खाली १५४ चंही लिही. ते लिहायच्या आधी १५४ साठी तिन्ही रकाने एकदा स्वतः भर. शेवटचा सम १९० आला पाहिजे.