आठ-दहा जणांत बसून द्यायची मुलाखत

गणपती उठले की मॉलमधली आणि हमरस्त्यावरची मोठी दुकानं दिवाळीच्या गर्दीसाठी माणसं घ्यायला लागतात. एकेकाला बोलवायला वेळ नसतो, म्हणून आठ ते बारा जणांना एकदम बसवून मुलाखत उरकली जाते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं याच विषयावरची होती. त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं दुकानांसाठी भरती करणाऱ्या आणि उमेदवारांची तयारी करून घेणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : बीकॉम झालंय. दोन वर्षं शनिवार-रविवार मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर बसते. पुढच्या आठवड्यात कपड्यांच्या एका मोठ्या स्टोअरमध्ये गटमुलाखत आहे. माझा नंबर जवळ यायला लागला की आधीच्यांचं काही ऐकूच येत नाही आणि माझ्या वेळी घसा बंद होतो. त्या दिवशी नेमकं काय काय करायला लावतात?
— वाचक, नाशिक रोड

उत्तर : साधारण क्रम असा असतो. आधी कंपनीची माहिती, मग प्रत्येकाची मिनिटभर ओळख, मग चार-पाच जणांचे गट करून एखादं काम, काही ठिकाणी छोटा रोल-प्ले (म्हणजे दुकानातला एखादा प्रसंग वठवून दाखवणं) किंवा हिशोबाची चाचणी, आणि शेवटी निवडलेल्यांशी पाच-दहा मिनिटं स्वतंत्र बोलणं. सगळं मिळून दीड-दोन तास.

तुमचा घसा बंद होतो, कारण इतर बोलत असताना तुम्ही मनात स्वतःची ओळख घोकत असता. सातवा नंबर असेल तर सहा जणांचं बोलणं संपेपर्यंत ती पंधरा वेळा घोकून होते आणि ऐन वेळी एक शब्द निसटला की पुढचं सगळं गळतं. म्हणून पाठ करायचं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. मधला मजकूर मुद्द्यांनी लक्षात ठेवायचा. इतर बोलत असताना वहीत प्रत्येकाचं नाव आणि त्याने सांगितलेली एक गोष्ट लिहा. याचे दोन फायदे आहेत. हात आणि डोकं कामात राहतं, आणि पुढे गटात "रोहितभाऊ, तुम्ही गोडाउनला होतात ना, मग स्टॉकचं तुम्ही सांगा" असं म्हणता येतं. भरती करणारा माणूस हेच शोधत असतो. अनोळखी माणसाचं तुम्ही किती लक्ष देऊन ऐकता, त्यावरून तुम्ही गिऱ्हाइकाचं कसं ऐकाल हे त्याला कळतं.

ओळख अशी असू द्या : "नमस्कार, मी अमुक, नाशिक रोडला राहते, बीकॉम झालंय. दोन वर्षं शनिवार-रविवार मामांच्या स्टेशनरीच्या दुकानात काउंटर सांभाळते. जूनमध्ये शाळेच्या याद्या घेऊन पालक येतात तेव्हा एका वेळी चार-पाच याद्या चालू असतात. वह्यांची मोजणी चुकू न देता प्रत्येकाशी बोलायचं कसं, हे तिथे शिकले. रविवारी संध्याकाळी तुमच्या स्टोअरमध्ये येऊन गेले. ट्रायल रूमपाशी बरीच रांग होती. तिथे उभं राहून काम करायला मला आवडेल." एवढं बोलायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. 'मी मेहनती आहे, मला माणसांत मिसळायला आवडतं' हे दहापैकी आठजण बोलतात आणि ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. चार-पाच याद्या मात्र लक्षात राहतात.

त्यासाठी स्टोअर आधी दोनदा पाहून या, एकदा मधल्या वारी दुपारी आणि एकदा रविवारी संध्याकाळी. दारातून शिरताच समोर काय मांडलंय, सेलचे बोर्ड कुठे आहेत, एक शर्ट साधारण कितीला आहे, बिलिंगचे किती काउंटर चालू आहेत आणि लोक कुठे अडून उभे राहतात, एवढं टिपून ठेवा.

गटाचं काम बहुतेकदा मांडणीचं असतं. दहा-बारा वस्तू आणि एक टेबल दिलेलं असतं, आणि दहा मिनिटांत पावसाळ्याची मांडणी करा म्हणतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आठ मिनिटं वाद आणि उरलेल्या दोन मिनिटांत घाईघाईने रचलेला ढीग. वस्तू हातात देताच कोणीतरी म्हणायला हवं, "दोन मिनिटं ठरवू, सहा मिनिटं मांडू, दोन मिनिटं कोण काय सांगणार ते बघू." ते तुम्ही म्हणा. याला मोठा आवाज लागत नाही, फार इंग्रजी तर मुळीच नाही. नंतर घड्याळावर लक्ष ठेवा. कोणी गप्प असेल तर नाव घेऊन विचारा. कोणी दुसऱ्याचं बोलणं तोडत असेल तर त्याच्याशी भांडू नका, "हे पूर्ण होऊ दे, मग तुमचं घेऊ" एवढंच म्हणा.

प्रश्न : नुसत्या विचाराने छाती धडधडते, हात थरथरतात. मैत्रीण परीक्षेआधी धडधड कमी करायची एक गोळी घेते, ती मला द्यायला तयार आहे. घेऊ का?
— वाचक, सांगली

उत्तर : नका घेऊ. यासाठी बहुधा प्रोप्रॅनोलॉल देतात. त्याने नाडीचा वेग आणि रक्तदाब उतरतो. दमा असणाऱ्याची श्वासनलिका त्याने आवळली जाऊ शकते. नाडी मुळात मंद असेल किंवा रक्तदाब कमी असेल तर भोवळ येते. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून दिली तर गोष्ट वेगळी, मैत्रिणीच्या पाकिटातली नको.

धडधड होते ती ॲड्रेनलिनमुळे. शरीर कामाला तयार होत असतं, आजार नसतो. श्वास सोडायला जास्त वेळ लावला की नाडी मंदावते. नाकाने मनात चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या, सहा मोजेपर्यंत बाहेर सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. आत बोलावण्याआधी पाच मिनिटं हे करा, आणि आठवडाभर रोज करत आलात तरच त्या दिवशी जमेल. पुष्कळजण याच्या उलट करतात. भराभर मोठे श्वास ओढतात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती आणखी वाढते.

दीड तास आधी पोहे, उपमा, पोळीभाजी असं काहीतरी पोटात असू द्या. उपाशीपोटी दोन कप चहा ढोसून गेलात तर थरथर वाढणारच, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही अंगात असतो. उभं राहावं लागलं तर गुडघे ताठ आवळून उभ्या राहू नका, चक्कर येते. मधूनमधून भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्या. कागद हातात सुटा धरलात तर तो फडफडतो, म्हणून वहीवर ठेवा.

आणि थरथर तुम्हाला वाटते तेवढी समोरच्याला दिसत नाही. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भाषणाआधी काही जणांना एवढंच सांगितलं होतं की मनातली घबराट बाहेर फारशी दिसत नाही. नुसतं हे कळल्यावरच त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली.

प्रश्न : रोल-प्लेमध्ये मला 'चिडलेलं गिऱ्हाईक' मिळालं. एका धुण्यात कुर्त्याचा रंग गेला, पैसे परत द्या, असं ते म्हणत होतं. मी "मॅडम, धुतलेला माल परत घेत नाही" म्हटलं आणि तिथेच बाहेर पडलो. काय म्हणायला हवं होतं?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिल्याच वाक्यात 'नाही' आलं, तिथे घोटाळा झाला. आधी त्यांना पूर्ण बोलू द्या. वीस-तीस सेकंदांच्या वर सहसा कोणी सलग रागावत नाही. मग त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगा : "पहिल्याच धुण्यात रंग गेला, आणि उद्या कार्यक्रमाला घालायचा होता. बरोबर ना?" मग हात पुढे करून कुर्ता घ्या. ही साधी हालचाल फार उपयोगी पडते. कुर्ता उलटा करून आतली शिवण बघा. तिथे मूळ रंग दिसतो, त्यामुळे रंग किती उतरलाय हे दोघांनाही एकाच वेळी कळतं. बाजूच्या शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी त्यांच्यासमोर वाचा, पण "तुम्ही चुकीचं धुतलं असेल" हे तोंडातून काढू नका. बिल मागा, तारीख बघा. नंतर म्हणा : "बदलून देणं किंवा पैसे परत करणं माझ्या हातात नाही, पण मी फ्लोअर मॅनेजरना इथेच बोलावतो. तोवर तुम्ही बसा, तुम्हाला सगळं परत सांगावं लागणार नाही, मी सांगतो."

स्वतःच्या अधिकारात नसलेली गोष्ट कबूल करणं हीही तेवढीच मोठी चूक. घाबरून "हो, देतो पैसे" म्हणणारेही बाहेर पडतात. एक गोष्ट माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. हे गिऱ्हाइकाला ऐकवायचं नसतं, पण स्वतंत्र मुलाखतीत विचारलं तर सांगता यायला हवं.

प्रश्न : हिशोबाची चाचणी असते म्हणे. कॅल्क्युलेटर नसेल तर माझं अवघड आहे.
— वाचक, चिपळूण

उत्तर : त्यात चार-पाच प्रकारांच्या पलीकडे सहसा काही नसतं. १,२९९ रुपयांवर ४० टक्के सूट, तर १,३०० धरा. द्यायचे राहिले ६० टक्के, म्हणजे ७८०. एक रुपया जास्त धरला होता, त्याचे ६० पैसे वजा. उत्तर ७७९.४०.

'५० टक्के आणि वर २० टक्के' म्हणजे ७० टक्के नव्हे. हजाराचे पाचशे झाले, पाचशेवर २० टक्के म्हणजे शंभर गेले, राहिले चारशे. सूट ६० टक्के. इथे निम्मा वर्ग चुकतो. 'दोन घ्या, एक फुकट' असेल तर ९०० चे तीन शर्ट १,८०० ला, म्हणजे एक ६०० ला पडला. सूट तेहतीस टक्क्यांच्या थोडी वर.

सुट्टे पैसे वजाबाकीने नाही, चढत मोजून द्या. बिल ७७९, दिल्या पाचशेच्या दोन नोटा : एक रुपया, झाले ७८०. वीस, झाले ८००. दोनशे, झाले हजार. एकूण २२१. गिऱ्हाइकाने हजारावर २९ रुपये सुट्टे दिले तर गोंधळू नका, त्याला अडीचशे परत हवेत. आणि एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर जीएसटी लावून उत्तर काढू नका. रोज पंधरा मिनिटं घरातल्या जुन्या बिलांवर हात बसवा, आठवड्यात फरक दिसेल.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकलोय. गटात सगळे इंग्रजीत सुरू झाले तर?
— वाचक, लातूर

उत्तर : सुरुवातीलाच विचारा, "मराठीत किंवा हिंदीत बोललं तर चालेल ना?" बहुतेक ठिकाणी चालतं, कारण दुकानात येणारं गिऱ्हाईकही त्याच भाषांत बोलतं. ओळखीची तीन वाक्यं आणि 'साईज, एक्स्चेंज, ट्रायल, बिल' यांभोवतीची दहा-बारा वाक्यं तेवढी इंग्रजीत पक्की करा. मोडकं इंग्रजी रेटत राहिलात तर चांगला मुद्दाही अर्धाच पोचतो.

प्रश्न : वय ४१. मुलं मोठी झाली, चौदा वर्षांनी नोकरी शोधतेय. बाकी सगळी विशीतली पोरं असणार. हसं होईल का?
— वाचक, ठाणे

उत्तर : नाही होणार. साडी, ज्वेलरी, घरगुती वस्तू, लहान मुलांचे कपडे या विभागांत तुमच्या वयाच्या बाईवर गिऱ्हाईक पटकन विश्वास टाकतं. खंडाबद्दल माफी मागत बसू नका. "चौदा वर्षं घर सांभाळलं, आता पूर्ण वेळ देऊ शकते" एवढ्यावर थांबा. बचतगटाचा हिशोब ठेवला असेल, सोसायटीची वर्गणी गोळा केली असेल, तर तो कामाचाच अनुभव आहे, आकड्यांसकट सांगा. गटात मात्र मुलांना "बाळा, असं नको करू" म्हणायचा मोह टाळा. त्यांना नावानेच हाक मारा. आठ-नऊ तास उभं राहता येईल का, हे विचारतीलच. त्याचं उत्तर घरी दोन दिवस तसं राहून बघून द्या.

प्रश्न : कपडे कोणते?
— वाचक, जळगाव

उत्तर : इस्त्रीचा साधा शर्ट-पँट किंवा कुर्ता-सलवार, बंद बूट, नखं कापलेली. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, चावतात.

प्रश्न : पगार आणि सुट्टी सगळ्यांसमोर विचारावी का?
— वाचक, पिंपरी

उत्तर : शिफ्टच्या वेळा सगळ्यांसमोर विचारा, पगार स्वतंत्र बोलण्यात. आणि 'हातात किती' हे विचारा. समजा एकूण १६,००० ठरले आणि त्यात मूळ पगार १२,००० आहे. पीएफचे (भविष्य निर्वाह निधी) मूळ पगारावर १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) एकूण पगारावर ०.७५ टक्के म्हणजे १२०. पुरुषांचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत तो नाही. म्हणजे पुरुषाच्या हातात १४,२४० आणि बाईच्या १४,४४०.

आठवड्याची सुट्टी मिळते, पण शनिवार-रविवारी धरू नका. मॉल दहाला बंद झाला तरी गल्ला मोजून, माल लावून निघायला पाऊण तास जातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते. घरी जायची सोय काय, हे तेव्हाच विचारून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : फोनवर 'निवड पक्की, युनिफॉर्मचे १,५०० भरा' म्हणाले.
— वाचक, सोलापूर

उत्तर : भरू नका. मुलाखतीआधीच निवड आणि वर पैशांची मागणी म्हणजे फसवणूक. प्रत्यक्ष दुकानात जाऊन मॅनेजरला विचारा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

प्रश्न : तीन गटमुलाखती झाल्या, तिन्ही वेळा 'कळवतो' म्हणाले. पुढे काय करू?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाहेर पडल्यावर तासाभरात, बसमध्ये बसल्या बसल्या का होईना, विचारलेले प्रश्न आणि तुम्ही दिलेली उत्तरं लिहून काढा. रात्रीपर्यंत निम्मं विसरायला होतं. तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा, तुम्ही दर वेळी एकाच टप्प्यावर अडकताय का. ओळखीत, गटात की हिशोबात? तयारी तेवढ्याच भागाची करा. पाच दिवसांनी एक फोन करा, मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास, म्हणजे गर्दी नसते. नाव आणि मुलाखतीची तारीख सांगा, निर्णय विचारा. नकार असेल तर "मी कुठे कमी पडले ते एका वाक्यात सांगाल का?" म्हणा. बरेच मॅनेजर सांगतात. आणि दिवाळीच्या तोंडावर हजर न झालेल्या माणसाची जागा भरायला याच यादीतून फोन येतात, तेव्हा अर्जात दिलेला नंबर चालू ठेवा.