बोलोन्यातली पोलिश कबर: दगडावरचं आडनाव जुळत नसेल तर

फोटोतल्या दगडावरचं आडनाव कुटुंबाच्या कागदांवरच्या आडनावाशी जुळत नाही, एवढ्यावरून माणूस वेगळा ठरवू नका. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या पोलिश दुसऱ्या कोअरच्या (पोलिश सैन्याच्या मोठ्या तुकडीच्या) बाबतीत नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. तुकडी, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचं ठिकाण आधी जुळवा.

कारण असं की जर्मनांनी बळकावलेल्या सायलेशिया, पोमेरेनिया या भागांतल्या पोलिश तरुणांना जर्मनांनी सक्तीने आपल्या सैन्यात घेतलं होतं. त्यातले हजारो जण पकडले गेल्यावर किंवा पळून आल्यावर या कोअरमध्ये आले. घरची माणसं अजून जर्मनांच्या हातात, म्हणून अनेकांनी खोटं नाव लावलं. असा संशय असेल तर सैनिकाचं सेवापत्रकच पाहावं लागतं. पोलिश सैन्याची ही पत्रकं ब्रिटिशांनी जपली. मागणी करताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्या.

साधी गफलत अक्षरांचीही असते. तिरकी रेघ असलेला पोलिश ‘एल’ ब्रिटिश टंकलेखकाकडे साधा ‘एल’ होतो, आणि झिजलेल्या दगडावर ‘टी’सारखा दिसतो. दोन्ही रूपांनी शोधा. पोलिश बाईच्या आडनावाचा शेवट वेगळा असतो: बायको किंवा आईच्या कागदावर ‘कोवाल्स्का’ असेल तर सैनिक ‘कोवाल्स्की’. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीतल्या कुटुंबांचे कागद हाताळणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण तिथल्या कित्येकींचे नवरे, मुलगे याच सैन्यात होते. पोलिश लोक तारखेतला महिना रोमन अंकात लिहितात. फेब्रुवारीच्या दोन उभ्या रेघा ‘11’ वाचल्या की नऊ महिन्यांचा फरक पडतो. हुद्द्याचा संक्षेप ‘por.’ असेल तर लेफ्टनंट, ‘ppor.’ असेल तर सेकंड लेफ्टनंट.

कबर बोलोन्यात म्हणजे मृत्यूही तिथेच, असं नाही. मृतांना आधी रणभूमीजवळ पुरलं, नंतर चार स्मशानभूमींत हलवलं: मोंटे कॅसिनो, लोरेतो, बोलोन्या, कासामास्सिमा. बोलोन्यातली सर्वात मोठी, 1,432 कबरींची. मृत्यू दक्षिणेतल्या रुग्णालयात झाला असेल तर कासामास्सिमा आधी पाहा. लंडनच्या सिकोर्स्की संस्थेने 1952 साली छापलेल्या मृतांच्या यादीशीही ताडून पाहा.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू मात्र घासू नका. सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा आणि रांगेचा क्रमांकही टिपा.