बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कळायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही पलूस तालुक्यात शेतातल्या वस्तीवर राहतो, गावातल्या नळाची लाईन इथपर्यंत आलेली नाही म्हणून बोअरचंच पाणी पितो. परवा फिल्टर विकणारा एक जण आला होता. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, आणि करंट लावलेल्या काड्या बुडवल्या. आमच्या ग्लासात लगेच काळा-तांबडा गाळ आला, त्याचं पाणी नितळच. म्हणाला हे आर्सेनिक, यानं कॅन्सर होतो. आई तेव्हापासून बोअरचं पाणी तोंडाला लावत नाही. खरं आहे का हे? – एक वाचक

उत्तर : आईंना आधी सांगा, की तो गाळ तुमच्या पाण्यातला नव्हता, त्याच्या काडीतला होता. त्या काड्यांमधली एक लोखंडाची असते, करंट दिला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा तांबडा-काळा चोथा होतो. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून करंट नीट वाहतो, आरओच्या, म्हणजे त्याच्या फिल्टर मशीनच्या, पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून तिथं काहीच होत नाही. पुन्हा कोणी आला तर त्याच्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग काड्या बुडवायला सांगा, त्याचंही पाणी तसंच होईल. हे डेमो गावोगाव चालतात आणि मला त्यांचा मनापासून राग येतो, कारण यात फसतात ते बहुतेक म्हातारी माणसं नाहीतर लहान लेकरांच्या आया.

आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. ग्लासात बघून ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. टीडीएस मीटरवर पण कळत नाही, कारण तो मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो आणि ते लिटरला शेकडो मिलिग्रॅम असतात. आर्सेनिकची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. एवढंसं त्या मीटरला काय दिसणार.

आता आपल्याकडे ते असायची शक्यता किती? बंगाल, बिहार, बांगलादेश इकडे हा प्रश्न फार मोठा आहे, तिथली जमीन हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची, त्या गाळातल्या लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं आणि खोलवर ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं, आर्सेनिक पाण्यात सुटतं. पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास डॉक्टरांना तळहात-तळपायाची कातडी जाड झालेले, अंगावर डाग पडलेले पेशंट दिसायला लागले तेव्हा कुठं हे उघड झालं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, तो हिमालयातला गाळ इथं नाही. आर्सेनिकसाठी सांगली-साताऱ्याचं नाव घेतलं जात नाही. तरी बोअर हाच एकमेव सोर्स असेल तर एकदा टेस्ट करून घ्याच, म्हणजे आईंचीही शंका फिटेल.

टेस्ट खाजगी लॅबमध्ये होते, नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये चौकशी करा, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकालाही विचारा. पण आर्सेनिक हे नाव घेऊन मागा. नेहमीच्या पॅकेजमध्ये कडकपणा, क्लोराईड, फ्लोराईड वगैरे असतं, आर्सेनिक बऱ्याचदा नसतंच, आणि लोक रिपोर्ट ओके आला म्हणून निश्चिंत होतात. बाटली लॅबकडूनच आणा. मोटर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून पाईपमधलं शिळं पाणी जाऊ द्या, मग बोअरच्या तोंडाशी भरा, टाकीच्या नळातून नको. बाटलीत आधीच थोडं ॲसिड घातलेलं असेल तर ती विसळायची नाही आणि उतू जाईपर्यंत भरायची पण नाही, हाताला लागू देऊ नका. ते ॲसिड यासाठी, की पाण्यात लोह असेल तर ते बाटलीत तांबडं होऊन तळाला बसतं आणि आर्सेनिकला पण सोबत घेऊन बसतं, मग लॅबला वरच्या पाण्यात कमीच सापडतं.

आरओ घ्यायचा की नाही ते रिपोर्ट आल्यावर ठरवा.

प्रश्न : मॅडम, रिपोर्ट आणलाय. आर्सेनिकपुढे बीडीएल लिहिलंय, टीडीएस ११००, नायट्रेट ६८. काळजी करायची का? – एक वाचक, माण तालुका

उत्तर : बीडीएल म्हणजे लॅबच्या मशीनला दिसलं नाही एवढंच. ते मशीन किती बारीक बघतं हे त्याच रिपोर्टवर असतं किंवा फोन करून विचारा. ०.०१ किंवा त्याच्याही खाली बघत असेल तर छान. पण ०.०५ च्या खालचं त्याला दिसतच नसेल तर त्या बीडीएलला काही अर्थ नाही, कारण मर्यादा त्याच्याही पाचपट खाली आहे. आकडा आला असेल तर युनिट पण बघा, मिलिग्रॅम का मायक्रोग्रॅम, यात हजारपटीचा घोळ होतो.

टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमची खरी भानगड नायट्रेट आहे. मर्यादा ४५, तिथं सूट नाही. हे येतं युरियातून, उकिरड्यातून, बोअरजवळच्या संडासाच्या खड्ड्यातून. घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ असेल तर त्याच्या दुधाला हे पाणी अजिबात वापरू नका, रक्तातला ऑक्सिजन कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. खरं सांगायचं तर इकडं सगळे मला आर्सेनिकचं विचारतात आणि नायट्रेटचा आकडा वाचतच नाहीत.

प्रश्न : पाणी उकळलं किंवा तुरटी फिरवली तर आर्सेनिक जातं का? आंघोळीला चालेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : उकळून जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही, उलट वाफ गेल्यामुळं थोडं घट्टच होतं. नायट्रेटचंही तेच. तुरटीनं गढूळपणा बसतो, आर्सेनिकसाठी घरच्या तुरटीवर भरवसा ठेवू नका. आंघोळ, धुणी-भांडी चालतं, कातडीतून ते फारसं आत जात नाही. पण भात-आमटीला तेच पाणी वापरलं तर ते प्यायल्यासारखंच धरा.