शंका-समाधान : कंपायलरला गप्प केले, पण हिशेब कोसळला

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल वर्गणीचा हिशेब करण्यासाठी मी हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला आहे. ‘रीडमेबी’ हे फंक्शन रक्कम वाचून ‘मेबी इंट’ (‘जस्ट’मध्ये गुंडाळलेला पूर्णांक, नाही तर ‘नथिंग’) देते, बेरजेला मात्र ‘इंट’ (नुसता पूर्णांक) लागतो, म्हणून कंपायलर (प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा) अडून बसे. कंटाळून मी जागोजागी ‘फ्रॉमजस्ट’ (‘मेबी’तला आकडा थेट बाहेर काढणारे फंक्शन) लावले. दोन महिन्यांनंतर प्रोग्राम मध्येच कोसळला; फाइल सोबत जोडली आहे. टाइप (मूल्यांचे प्रकार) तपासूनही चूक शिरली कशी? टाइपच्या चुका पुढे ढकलण्याची जीएचसी या हास्केल कंपायलरमधील सोय वापरू का?

उत्तर : ‘आकडा नसेल तर काय करायचे?’ एवढेच कंपायलर आपल्याला विचारत होता. ‘फ्रॉमजस्ट’ लावून आपण ‘आकडा असणारच’ असा शब्द दिलात, आणि तो खरा की खोटा हे पाहण्याचे साधन टाइप-तपासणीपाशी उरले नाही. ‘नथिंग’ हाती आल्यास हे फंक्शन एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी, न हाताळल्यास तो थांबवणारी चूक) फेकते, पण त्याच्या टाइपमध्ये त्याचा मागमूसही नसतो. यादीतला पहिला घटक देणाऱ्या ‘हेड’चे दुखणे हेच आहे, जीएचसी ९.८ पासून त्याच्या वापरावर इशारा मिळतो.

आपल्या फाइलच्या ४१२व्या ओळीत रक्कम देवनागरी अंकांत टंकलेली आहे. ‘रीडमेबी’ला केवळ इंग्रजी अंक कळतात. गंमत अशी की अक्षर तपासणाऱ्या फंक्शनांपैकी ‘इझनंबर’ देवनागरी अंकाला संख्या मानते, ‘इझडिजिट’ मानत नाही.

रक्कम वाचणारे फंक्शन ‘आयदर’ देणारे करावे : वाचता आली तर ‘राइट’मध्ये आकडा, नाही तर ‘लेफ्ट’मध्ये ओळीचा क्रमांक आणि तेथील मूळ मजकूर. हे फंक्शन ‘ट्रॅव्हर्स’ने यादीतल्या प्रत्येक ओळीवर चालवल्यास निकालात पहिलाच ‘लेफ्ट’ हाती येतो, म्हणजे एक ओळ सुधारावी तर पुढची अडणार. खजिनदाराच्या कामाला ‘पार्टिशनआयदर्स’ बरे, कारण ते सदोष ओळी आणि चांगल्या रकमा अशा दोन याद्या वेगळ्या करून देते. मात्र पहिली यादी रिकामी असल्याशिवाय एकूण रक्कम छापू नये. कमी भरलेली बेरीज कोसळलेल्या प्रोग्रामपेक्षा अधिक फसवी असते.

आपण म्हणता ती सोय टाइपच्या चुकांना इशाऱ्यांवर उतरवते आणि चुकीच्या भागाचे मूल्य काढायची वेळ येईल तेव्हाच एक्सेप्शन फेकते. मोठी फेररचना अर्धवट असताना उरलेला भाग चालवून पाहण्यास ती उत्तम. संस्थेच्या हिशेबात तिला थारा देऊ नये.

राहिले देवनागरी अंक. देवनागरी शून्याचा युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक २४०६ आहे, इंग्रजी शून्याचा ४८. वाचण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की ४१२वी ओळही बिनबोभाट वाचली जाईल.