हॉस्टेलच्या मेससाठी बायोगॅस सुचवायचा आहे, कोणता प्लांट घ्यावा?

तुमचं हॉस्टेल ३०० मुलांचं आहे, मेसचं उरलेलं रोज घंटागाडीत जातं आणि पर्यावरणाच्या प्रकल्पात कॉलेजला बायोगॅस सुचवायचा आहे. कोणत्या बनावटीचा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. बनावट ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. तरंगत्या टोपीचा घ्या, म्हणजे ज्याचं झाकण गॅस साठेल तसं वर येतं. टोपी किती वर आली यावरून गॅस किती साठलाय हे मेसच्या मावशींनाही लांबून कळतं. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने प्लास्टिकच्या दोन टाक्यांचा जो आटोपशीर संच केला आणि ज्याला २००६ साली ॲशडेन हा हरित ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, तो घरगुती मापाचा आहे, तुम्हाला पुरणार नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्लांट उत्तम आहे, पण तो याहून बराच जास्त कचरा असेल तिथे शोभतो.

मापाचा हिशेब असा. ३०० मुलांच्या मेसमध्ये खरकटं, पातेल्यातलं उरलेलं आणि सालं-देठं मिळून ४०-५० किलो ओला कचरा धरा. त्याला १० घनमीटरची टाकी पुरते. एका किलोला साधारण १०० लिटर गॅस, म्हणजे ५० किलोला ५ घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस अर्ध्या किलोच्या आतबाहेर एलपीजीचं काम करतो. १९ किलोचं एक सिलिंडर आठ-नऊ दिवसांनी वाचलं तर प्लांट नीट चाललाय असं समजा. यापेक्षा मोठा आकडा सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझ्या पाहण्यातल्या एका कॉलेजचा असाच १० घनमीटरचा प्लांट एका जून महिन्यात मेला, आणि वस्तू खराब होती म्हणून मेला असं आजही तिथे सांगितलं जातं. वस्तू चांगली होती. दीड टन शेणाचा काला करून टाकी भरली होती. सुरुवातीचा न पेटणारा गॅस सोडून दिला, त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत आली. मग रोज ५ किलो खरकटं सुरू केलं, दर आठवड्याला ५ किलो वाढवत दहा आठवड्यांत ५० वर नेलं. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. एप्रिलअखेर परीक्षा संपल्या, मेस बंद झाली, प्लांट उपाशी राहिला. उपाशी राहिल्याने काहीही बिघडत नाही. दीड महिना तर जिवाणू सहज काढतात, फक्त मंदावतात. जूनमध्ये मेस उघडली आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी पूर्ण ५० किलो ओतलं. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात टोपी वर यायची पण शेगडी पेटायची नाही, आणि मळीला, म्हणजे टाकीतल्या पातळ काल्याला, शेणाच्या वासाऐवजी ओकारीसारखा आंबट वास येऊ लागला.

याचं कारण साधं आहे. टाकीत दोन जमाती राबतात. अन्न कुजवून आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. एकदम खाणं टाकलं की आम्ल साठतं, पीएच (आम्ल वाढलं की घसरणारा आकडा) ६.५ च्या खाली जातो, आणि मिथेनवाले आणखीच मंदावतात. पीएच ६.८ ते ७.४ हवा. साधी पीएच पट्टी आठवड्यातून दोनदा बुडवली असती तर हे चार दिवस आधी दिसलं असतं. केमिस्ट्रीची अख्खी प्रयोगशाळा शंभर पावलांवर होती.

तरीही प्लांट वाचला असता. अशा वेळी खाणं आठ-दहा दिवस पूर्ण बंद करायचं. टाकीतली दहावा हिस्सा मळी काढून तेवढाच ताजा शेणकाला घालायचा. खाण्याचा सोडा हजार लिटरला एक किलो या हिशेबाने, म्हणजे १० घनमीटरला १० किलो, पाण्यात विरघळवून तीन दिवसांत विभागून टाकायचा. तिथे मात्र कुणाच्या तरी सल्ल्याने चुन्याचं पोतं रिकामं केलं. चुना आधी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याची खडी होऊन तळाशी बसते, पीएच एकदम उसळतो आणि दोन दिवसांनी पुन्हा कोसळतो. मग कुलूप लागलं. मूल्यांकन समिती यायच्या आधी टोपीला नवा हिरवा रंग दिला आणि अहवालात प्लांट 'कार्यरत' राहिला. याचा मला आजही संताप येतो. ज्या मुलांना 'शाश्वत विकास' शिकवायचा, त्यांच्याच डोळ्यांदेखत हे केलं.

खरेदीच्या बैठकीतच मी म्हटलं होतं की यंत्राबरोबर माणसाच्या पगाराची तरतूद करा. उत्तर मिळालं, "एनएसएसची मुलं चालवतील, श्रमदान होईल." मुलांकडून एक दिवस झाडं लावून घेता येतात, रोज सकाळी खरकटं निवडून घेता येत नाही. त्यांना परीक्षा असतात, दिवाळी असते, आणि तिसऱ्या वर्षानंतर ती निघून जातात. रोजचं काम दोन तासांचं आहे. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, हाडं, अंड्याची कवचं, लिंबू-संत्र्याची सालं वेगळी काढायची (सालांतलं तेल जिवाणूंना मारक असतं, बाकीचं कुजत नाही). उरलेलं लगद्यासारखं करून तेवढ्याच पाण्यात कालवून ओतायचं. तळणीचं तेल आणि फिनाईलचं पाणी टाकीकडे फिरकू द्यायचं नाही. गॅसच्या नळीत पाणी साठतं, ते उताराच्या टोकाला बसवलेल्या तोटीतून सोडायचं. ज्योत लपलप करायला लागली की आधी तेच बघायचं. आणि वहीत तीन आकडे लिहायचे: किती किलो टाकलं, टोपी किती वर, पीएच किती. हे मेसमधल्याच एका कामगाराला द्या, पण त्याचे जादा पैसे कॉलेजने द्यावेत, ठेकेदाराने नव्हे.

शेगडी मेसमध्येच बसवा. सिलिंडरचे पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याच्या हाताशी गॅस आला तरच तो प्लांटची काळजी घेतो. प्रयोगशाळेला गॅस नेलेले प्लांट बंद पडले तरी कुणाला पत्ता लागत नाही. एलपीजीची शेगडी तशीच चालणार नाही, तिचं गॅस सुटायचं भोक मोठं करावं लागतं. गॅसच्या वाटेत लोखंडी कीस भरलेली नळी बसवा, नाहीतर हायड्रोजन सल्फाइडने पितळी तोट्या काळ्या पडतात.

प्रकल्पासाठी तुम्ही एक गोष्ट आजच सुरू करू शकता. सलग दोन आठवडे तीन पिंपांत वेगवेगळं वजन करा: ताटातलं, पातेल्यातलं, चिरतानाचं. "मुलं अन्न टाकतात" असं सगळे म्हणतात. पातेल्यातलं जास्त निघालं तर तो दोष मुलांचा नाही, किती जण जेवणार हे आदल्या रात्री न विचारता स्वयंपाक करण्याचा आहे. आणि ते कमी करणं प्लांटपेक्षा स्वस्त पडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा झाला, त्यात क्षेत्रकार्यही आहे. नदीकाठी फोटो काढून क्षेत्रकार्य उरकण्यापेक्षा प्लांटची वही सांभाळणं कितीतरी बरं. ती दर वर्षी पुढच्या तुकडीकडे जाते.

प्राचार्यांना पटवायचं असेल तर सध्या लागू असलेले घनकचरा नियम बघून दाखवा. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांत स्पष्ट होतं.

राहिलेल्या गोष्टी. खर्चाचा आकडा मी देत नाही, तो जागा, खोदकाम आणि नळीच्या अंतराप्रमाणे बदलतो. तीन ठिकाणांहून दर मागवा आणि प्रत्येकाला पहिल्या दोन वर्षांची देखभाल त्यातच धरायला लावा. थंडीत पुण्या-नाशिककडे गॅस कमी होणारच, तेव्हा खाणं वाढवू नका, कमी करा. टाकीत उतरायचं काम कुणीही, कधीही, कितीही मोकळी दिसली तरी करायचं नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो. आणि कचरा वजनात १५-२० किलोच भरला तर बायोगॅसचा नाद सोडा. कचऱ्याच्या एका घमेल्याला आवारातल्या पालापाचोळ्याची तीन घमेली या प्रमाणात मिसळून जाळीच्या कोठीत खत करा, आठवड्याला एकदा वरखाली करा. घाण वास आला तर पाला कमी पडलाय.