कादंबरी म्हणजे नुसता टाइमपास का?

प्रश्न: ताई, मी नेरूळला राहते, जॉब ठाण्याला. ट्रान्स हार्बरला सीट मिळाली की कादंबरी काढते. आमचे हे म्हणतात, एवढ्या वेळात नॉलेजचं काहीतरी वाच, शेअर मार्केट वगैरे, नाहीतर हिस्टरी. खोट्या गोष्टी वाचून काय शिकणारेस? खरंच वेळ फुकट जातोय का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: अहो, दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर मजा येते म्हणून वाचता ना, मग झालं की, त्याला सर्टिफिकेट कशाला? २०१३ साली 'सायन्स' जर्नलमध्ये एक अभ्यास आलेला, साहित्यिक कथेचा तुकडा वाचला तरी समोरच्याच्या मनातलं जास्त ओळखता येतं असा, पण नंतर काही जणांनी तोच प्रयोग परत करून बघितला तर तसं काही दिसलं नाही, तेव्हा घरी भांडताना तो पुरावा काढू नका.

ह्यांचं एक मात्र बरोबर आहे, इतिहास कादंबरीतून शिकू नये. विश्वास पाटलांची 'पानिपत' हातातून सुटत नाही, पण त्यातले संवाद लेखकाचे, भाऊसाहेब अगदी तसंच बोलले असं धरून वाद घालायला गेलात तर फसाल. त्यासाठी शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' आहे.

पण आता तुमचंच नेरूळ घ्या. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, हे सगळं माहितीच्या पुस्तकातच वाचावं. पण पैसे हातात पडल्यावर भाऊ-भाऊ बोलेनासे का होतात, नोटीस आली तरी म्हातारी पेरणीचंच का बोलते, हे कुठल्या रिपोर्टात येणार? पाटलांचीच 'झाडाझडती' धरणग्रस्तांवर आहे, नवी मुंबईवर नाही, तरी ती वाचलीत की सेक्टरच्या मागचं जुनं गाव वेगळं दिसायला लागतं. ह्यांनाच द्या ती आधी, शेअर मार्केट कुठे पळून जात नाही (पैसे जातात कधीकधी, ते सोडा).

आणि ठाण्यात येताच आहात तर मराठी ग्रंथसंग्रहालयाची मेंबरशिप घ्या, १८९३ पासूनचं आहे ते. नाही आवडलं तर पन्नास पानांवर परत करायचं, विकत घेतलेलं पुस्तक आपण उगाच पैसे वसूल करायला शेवटपर्यंत ओढत बसतो.