सारखी बंद पडणारी इलेक्ट्रिक गाडी कंपनीला परत घ्यायला लावता येते का?

तुम्ही लिहिलंय की वर्षही न झालेली तुमची इलेक्ट्रिक गाडी घोडबंदर रोडवर तीनदा बंद पडली, सर्व्हिस सेंटर दर वेळी 'सॉफ्टवेअर अपडेट केलं' म्हणून चावी हातात देतं, आणि आता ही गाडी कंपनीनेच परत घ्यावी असं तुम्हाला वाटतं. हो, घ्यायला लावता येते. मी लावली आहे. मी ऐरोलीत राहते, ऑफिस महापेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण समझोत्यात तशी अट आहे. पण त्यावाचून तुमचं काही अडणार नाही.

आधी कायदा. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये 'लेमन लॉ' असतात: वाजवी संधी देऊनही दोष गेला नाही तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्या हातात आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याच्या कलम ३९ खाली ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत व्याजासह परत करायला सांगू शकतो. मात्र २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं कबूल केलं असेल, तर त्याऐवजी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कंपनीचा वकील हाच निकाल पुढे करणार हे धरून चाला. म्हणजे तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच: भाग बदलले, अपडेट झाले, तरी तोच दोष परत आला. आणि ते दाखवणारा कागद म्हणजे जॉब कार्ड, दर वेळी गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटर बनवतं तो.

गाडी आत घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर टाइप करतो, 'जनरल चेकअप, सॉफ्टवेअर अपडेट', आणि सही मागतो. तिथे सही करू नका. जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते, 'कस्टमर व्हॉइस' म्हणतात तिला. तिथे तुमचं वाक्य तुमच्याच शब्दांत घालून घ्या. माझं असं असायचं: 'ठाणे-बेलापूर रोडवर साधारण साठच्या वेगात असताना डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह आलं, पॉवर गेली, गाडी मधल्या लेनमध्ये थांबली. बॅटरी ६४ टक्के. एसी चालू. पाऊस.' तारीख, किलोमीटर, बॅटरीची टक्केवारी, वेग, जागा, स्क्रीनवरचा संदेश, हे सगळं त्यात हवं. 'मॅडम, एवढं सिस्टिममध्ये बसत नाही' असं मलाही ऐकवलं गेलं. बसतं. नाहीच बसलं तर प्रिंटवर हाताने लिहून शिक्का मारून घ्या.

गाडी परत घेताना दोन गोष्टी मागा: स्कॅनरमध्ये निघालेल्या फॉल्ट कोडची, म्हणजे बिघाडाच्या सांकेतिक क्रमांकांची प्रिंट, आणि भाग बदलला असेल तर जुन्या-नव्या भागाचे नंबर. तुमच्या लक्षणांवरून बोलायचं तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मरते याचं एक नेहमीचं कारण म्हणजे छोटी, बारा व्होल्टची बॅटरी. कॉम्प्युटर, दरवाजे, मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच म्हणजे काँटॅक्टर, सगळं तिच्यावर चालतं. तिला मोठ्या बॅटरीतून चार्ज ठेवायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाच्या भागाचं. तो बिघडला असेल तर नवी छोटी बॅटरी टाकून आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. तुमच्या कार्डांवर 'बारा व्होल्ट बॅटरी बदलली' असं एकापेक्षा जास्त वेळा आलं असेल, तर मूळ कारण कुणी शोधलंच नाही याचा तो लेखी पुरावा आहे. 'प्रॉब्लेम आढळला नाही' असा शेरा मारला तरी खचू नका. त्याच आठवड्यात गाडी टो करून आणल्याची रोडसाइड असिस्टन्सची पावती त्या शेऱ्याला खोटं पाडते. व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढावा, स्टिअरिंगवरच्या माणसाने नाही.

आता पत्र. डीलरशी भांडण्यात शक्ती घालवू नका, गाडी परत घ्यायचा निर्णय त्याच्या हातात नसतो. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला ईमेल करा आणि तेच स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा, प्रत डीलरला. तारीखवार घटना, सोबत सगळी जॉब कार्डं, आणि स्पष्ट मागणी: पंधरा दिवसांत गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा. माझ्या पत्रातलं ज्या वाक्याने हालचाल झाली असं मला वाटतं ते सुरक्षिततेचं होतं: मागून जेएनपीटीचे कंटेनर येत असताना गाडी मधल्या लेनमध्ये थांबते, हे तुम्हाला लेखी कळवलेलं आहे. घोडबंदरची अवजड वाहनं तुम्हाला मी काय सांगायची. हे घाबरवण्यासाठी लिहायचं नाही, खरं आहे म्हणून लिहायचं.

उत्तरादाखल आधी वाढीव वॉरंटी येईल, मग मोफत सर्व्हिसिंग, मग 'एक्स्चेंज'. एक्स्चेंज म्हणजे जुन्या गाडीचा बाजारभाव धरून तुम्हालाच नवी विकणं. ते नाकारा. एक्स-शोरूम किंमत, रजिस्ट्रेशन, विम्याचा उरलेला भाग, ॲक्सेसरीज, कर्जावर भरलेलं व्याज, हे सगळं मांडून आकडा तुम्ही द्या. मला पूर्ण रक्कम मिळाली नाही. चाललेल्या किलोमीटरपोटी त्यांनी काही कापलं आणि व्याज दिलं नाही, तरी तो आकडा मला मान्य करण्यासारखा वाटला. घासाघीस इथेच होते. दरम्यान हप्ते थांबवू नका; बँकेचा या भांडणाशी संबंध नाही आणि सिबिल तुमचं बिघडतं.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जायचं, आणि तुम्ही राहता तिथे दाखल करता येतं, कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शन मिळतं. कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिवादी करा. गाडीची तज्ज्ञ तपासणी व्हावी असा अर्ज सुरुवातीलाच द्या, कारण उत्पादनातला दोष आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं म्हटलंय. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. म्हणून समझोत्याचं दार उघडं ठेवा. गाडी फर्मच्या नावावर असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा, 'व्यावसायिक वापर' हा मुद्दा हमखास निघतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०ए खाली सदोष गाड्या माघारी बोलावण्याची तरतूद आहे, त्यासाठी केंद्राच्या पोर्टलवरही तक्रार टाका. तुमचे पैसे त्यातून येणार नाहीत. पण याच मॉडेलच्या इतरांच्या तक्रारींत तुमची भर पडते, आणि ती पडायला हवी.

व्यवहार ठरलाच तर: बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज मुदतीआधी फेडायचा आकडा), कर्ज फिटल्यावर एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, नव्या गाडीला तीन वर्षांच्या आत तो वापरता येतो. फास्टॅग बंद करा, गाडीच्या ॲपमधून स्वतःला काढा. पैसे खात्यात आल्याशिवाय दुसरी चावी देऊ नका, आणि आरसीवरचं नाव बदललं का ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर बघत राहा. माझं बदलायला इतका वेळ लागला की मध्ये एक ई-चलान माझ्या नावावर आलं.

आणि आयोगाकडे जायची मुदत दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांची आहे. सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या चालू आहेत म्हणून ती थांबते असं धरून चालू नका. पहिल्या जॉब कार्डावरची तारीख आजच बघून ठेवा.